पाटी नसलेलं बाइंडिंगचं दुकान आणि बिशप हेबरचे तीन खंड

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. साताऱ्यात जुनं पुस्तक बांधून घ्यायचंय आणि ते नंतर उघडून वाचायचंय, तर मोती चौकाच्या मागच्या गल्लीतल्या चाचांकडे जा. काचेच्या कपाटात मिरवायचं असेल तर जाऊ नका, तुम्हीही नाराज व्हाल आणि चाचाही. पाचापैकी चार तारे. पाचवा का कापला तेही सांगणार आहे.

दुकानाला पाटी नाही. ज्या गावात एका चौकालाच पाचशे एक पाटी म्हणतात तिथं हे जरा अतीच झालं, पण नाही म्हणजे नाही. राजवाड्याकडून चालत या. पेढ्यांची दुकानं मागे पडली की डावीकडे बोळ लागतो. त्यात स्कूटरसुद्धा घालू नका, समोरून हातगाडी आली की कोण मागे जाणार यावर पंधरा मिनिटं जातात. दारात कॉलेजच्या जर्नलांचे गठ्ठे, ग्रामपंचायतीची दप्तरं, कुणाची तरी फाटकी ज्ञानेश्वरी, आणि आतून शिजवलेल्या खळीचा वास आला की तेच दुकान. चाचा सत्तरीच्या पुढचे. नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण नावानं कुणी हाक मारत नाही, म्हणून मीही इथं देत नाही.

माझं काम काय होतं ते सांगते. आमच्या अण्णांकडे तीन जाडजूड इंग्रजी खंड होते. रेजिनाल्ड हेबर हा १८२३ ते १८२६ या काळात कलकत्त्याचा बिशप होता, त्याच्या हिंदुस्थानातल्या प्रवासाची ही रोजनिशी. लंडनच्या जॉन मरे यांनी १८२८ साली छापलेली. अण्णा मिशनच्या शाळेत मास्तर. महाबळेश्वरच्या कुठल्याशा बंगल्याचं सामान लिलावात निघालं होतं, तिथून त्यांनी हे खंड उचलले आणि आईची बोलणी खाल्ली. महाबळेश्वरचा पाऊस त्या पुस्तकांनी किती वर्षं पाहिला होता कोण जाणे. चामडं असं कुजलेलं, की हातात घेतलं की पदरावर विटकरी भुकटी सांडायची. तिसऱ्या खंडाचा वरचा पुठ्ठा सुटून गेलेला, तो अण्णांनी लेंग्याच्या नाडीनं बांधून ठेवलेला. अण्णा गेल्यावर ते माझ्याकडे आले.

साताऱ्याबाहेरच्या एका मोठ्या, एसी दुकानात आधी दाखवलं होतं. काउंटरवरच्या मुलानं पहिला खंड चिमटीत धरून उलटवला आणि म्हणाला, "मॅडम, स्पायरल करून देतो, मस्त होईल." दोनशे वर्षांच्या पुस्तकाला स्पायरल! वर, कडा खराब आहेत तर चारी बाजूंनी कापून "एकसारख्या" करून देण्याचीही तयारी होती. मी खंड पिशवीत घातले आणि पायऱ्या उतरले.

चाचांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी चष्मा लावला, मधलं एक पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवलं, उजेडाकडे धरलं, वास घेतला. मग म्हणाले, "बाई, ह्यो चिंध्यांचा कागद. जीव हाय ह्यात अजून. आपला पेपर दोन उन्हाळ्यात पिवळा पडतोय, हे बघा." आणि खरंच, तांबूस ठिपके सोडले तर आतली पानं माझ्या बीएडच्या नोट्सपेक्षा पांढरी होती. मग एकच प्रश्न: "वाचायचं हाय का ठिवायचं?" मी म्हटलं, वाचायचं. "मग पाठ मोकळी ठिवतो. सोनं-बिनं जास्त मागू नका."

या एका प्रश्नावर सगळं काम ठरलं. वाचायचं पुस्तक म्हणजे जुजबंदी, म्हणजे पानांचे दुमडलेले जुडगे (जुजं) दोऱ्यानं शिवून केलेली बांधणी, जुनी भोकं वापरून पुन्हा शिवलेली, आणि टेबलावर ठेवलं की आपोआप उघडं राहणारी. ठेवायचं पुस्तक म्हणजे कडक पाठ, चकचकीत पुठ्ठा, आणि उघडताना कडकड आवाज.

पहिले दोन खंड ठेवून आले. तिसरा खोलताना मात्र स्टूल ओढून बसले. पाहण्यासारखं काम आहे ते. पाठीवरचा वाळलेला सरस चाचा खरवडत नाहीत. त्यावर आधी मैद्याच्या खळीचा जाड थर देतात, चहा पिऊन होईपर्यंत थांबतात, आणि मऊ पडलेला सरस हाडाच्या पट्टीनं लोण्यासारखा काढतात. खळीत मोरचूद घातलेला, कसर लागू नये म्हणून. फेविकॉल? "त्यो शाळेच्या वह्यांना." पाठीच्या आतून कागदाच्या छापील पट्ट्या निघाल्या. इंग्रज बाइंडरानं त्या काळी रद्दी वापरली असणार. चाचांनी त्या फेकल्या नाहीत, वाळवून पाकिटात घालून दिल्या.

मग जुजं सुटी केली आणि क्रम लावला. चाचांना इंग्रजी वाचता येत नाही, पण पानाच्या तळाशी एकेक बारीक अक्षर असतं ते त्यांना बरोबर ठाऊक. पहिल्या पानाला बी, सतराव्याला सी, म्हणजे सोळा-सोळा पानांचं एक जुज. ए हा प्रस्तावनेसाठी राखलेला. आय झाल्यावर एकदम के आला तेव्हा माझ्याबरोबर आलेला भाचा ओरडलाच, "मावशी, जे गायब आहे!" चाचांनी मानही वर केली नाही. "जुन्या इंग्रजी पुस्तकात जे नसतोय, व्ही नसतोय, डब्ल्यू बी नसतोय. पानाचे आकडे बघ." आकडे सलग होते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा भाचा गप्प बसून शिकला.

शिवताना त्यांनी विचारलं, "कोण व्हता ह्यो? एवढं लिवलंय." तेव्हा जे सांगितलं तेच इथं थोडं ऐसपैस लिहिते, कारण कसलं पुस्तक कसं बांधलं हे कळल्याशिवाय बाइंडिंगचा रिव्ह्यू म्हणजे नुसत्या पुठ्ठ्याचा रिव्ह्यू.

हेबरचा जन्म १७८३ चा, इंग्लंडमधल्या चेशायरातला. घर खाऊनपिऊन सुखी. ऑक्सफर्डला असताना विसाव्या वर्षी कवितेचं बक्षीस मिळवलं, मग नेपोलियनच्या लढाया चालू असतानाच एका मित्राबरोबर स्वीडन, रशिया हिंडून आला. १८०७ ला हॉडनेट नावाच्या गावी चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू झाला आणि चांगली पंधरा वर्षं तिथंच राहिला. प्रत्येक रविवारच्या उपासनेला साजेसं गीत असावं म्हणून स्वतःच गीतं लिहू लागला. त्रैक्याच्या (ट्रिनिटीच्या) रविवारी आम्ही चर्चमध्ये "पवित्र, पवित्र, पवित्र" गातो, ते मूळ गीत याचंच. लहानपणापासून ते गात आले, पण गीतपुस्तकातलं बारीक अक्षरातलं नाव कोण वाचतं?

त्याचा थोरला सावत्र भाऊ रिचर्ड हा पुस्तकांपायी वेडा झालेला माणूस. इंग्लंडात आणि युरोपात मिळून आठेक घरं, आणि ती सगळी पुस्तकांनी भरलेली. त्याचं म्हणणं असं, की सभ्य माणसाकडे प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती हव्यात: एक दाखवायला, एक वाचायला आणि एक मागायला येणाऱ्यांना द्यायला. हे ऐकून चाचांनी सुई थांबवली. "असं एक गिऱ्हाईक मिळालं असतं तर पाटी लावली असती, बाई."

कलकत्त्याच्या बिशपची जागा म्हणजे त्या काळी मानाची खरी, पण मरणाची. पहिला बिशप मिडल्टन १८२२ मध्ये कलकत्त्यातच वारला. हेबरचा मित्र विल्यम्स-विन हा ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख ठेवणाऱ्या बोर्डाचा अध्यक्ष होता. त्यानं विचारलं तेव्हा हेबरनं बायकोमुलीचा विचार करून आधी नकार कळवला, मग मन बदललं. हाताखालचा प्रांत केवढा? कंपनीचा सगळा हिंदुस्थान, सिलोन, आणि पुढं थेट ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्ससुद्धा. एवढ्या प्रांताला एक माणूस! आज आमच्या पाळकसाहेबांना दोन गावांच्या उपासना एका रविवारी धरायच्या तर एसटीचं वेळापत्रक पाहावं लागतं.

मिडल्टननं एतद्देशीयांना पाळकपदाची दीक्षा देण्याचं टाळलं होतं, कायद्यात तशी सोय नाही म्हणून. हेबरनं ती अडचण दूर करून घेतली आणि १८२४ मध्ये ख्रिश्चन डेव्हिड या तमिळ माणसाला दीक्षा दिली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या अब्दुल मसीहलाही. हे अण्णा फार अभिमानानं सांगायचे, आणि लगेच पुढचं वाक्य टाकायचे, की अँग्लिकन, म्हणजे हेबरच्या इंग्लंडच्या चर्चचा, पहिला हिंदी बिशप व्हायला मात्र १९१२ उजाडावं लागलं. ते अझरायाह, दोर्णकलचे. म्हणजे दीक्षेपासून बिशपपदापर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षं. अण्णांचा हा हिशेब तोंडपाठ होता.

आता खंडांकडे. जून १८२४ मध्ये हेबर कलकत्त्याहून होडीनं निघाला. धाकटी मुलगी तान्ही म्हणून बायको मागे राहिली. सोबतीला स्टो नावाचा पाळक होता, तो ढाक्याला पोचल्यावर आजारी पडून मेला. तिथून पुढं हा एकटा: काशी, अलाहाबाद, लखनौ, दिल्ली, आग्रा, जयपूर, बडोदा, सुरत आणि मुंबई. नदीतून होडी, मग घोडा, हत्ती, तंबू. दिल्लीत अकबरशहा दुसरा या नावापुरत्या बादशहापुढे उभा राहिला. तिथल्या पठाणी इमारती पाहून त्यानं लिहिलेलं एक वाक्य फार गाजलं: बांधलं राक्षसांसारखं आणि शेवटचा हात फिरवला जवाहिऱ्यांसारखा. चित्रंही स्वतः काढायचा. खंडांत जी चित्रं आहेत ती त्याच्याच रेखाटनांवरून केलेली. चाचांनी प्रत्येक चित्रावर नवा पातळ कागद लावून दिला, मी न सांगता.

मला सगळ्यात आवडतो तो नडियादचा प्रसंग. मार्च १८२५. गुजरातेत सहजानंद स्वामींचं, म्हणजे स्वामीनारायणांचं नाव झालं होतं. हेबरला त्यांना भेटायचं होतं. स्वामी आले ते दोनेकशे हत्यारबंद घोडेस्वार घेऊन. हेबरबरोबर कंपनीचे पन्नासेक स्वार. दोन धर्मगुरू, आणि दोघांच्या मागे फौज! हेबरला हे दृश्य खटकलं आणि त्यानं ते तसंच लिहून ठेवलं. त्यात त्यानं असंही कबूल केलंय की स्वामींच्या मागचे लोक त्यांच्यावर जीव टाकणारे आहेत, माझ्या मागचे स्वार मला ओळखतही नाहीत. बिशपानं हे लिहावं! चर्चा झाली, कुणी कुणाला पटवू शकलं नाही, आणि दोघे आपापल्या वाटेनं गेले. हे पान चाचांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "माणूस खरं बोलतोय."

मुंबईत एल्फिन्स्टन गव्हर्नर होता, दोघांचं चांगलं जमलं. जूनच्या अखेरीस भर पावसात पनवेल, खंडाळा, कार्ल्याची लेणी करत हेबर पुण्याला आला. लष्करातलं सेंट मेरीज चर्च त्यानंच अर्पण केलं, आणि त्याच दौऱ्यात ठाण्याचं सेंट जेम्सही. पेशवाई बुडून सातच वर्षं झाली होती. साताऱ्याला तेव्हा प्रतापसिंह महाराज गादीवर होते. पण हा पुण्याहूनच मागे वळला! दोन-चार मजला आणखी मारल्या असत्या तर राजवाड्याबद्दल दोन पानं आपल्याही वाट्याला आली असती. महाबळेश्वरचं ठाणं तर तेव्हा व्हायचंच होतं. सातारकर म्हणून माझा हा राग कायम आहे.

साताऱ्यानं नाही, पण साताऱ्याच्या भाऊबंदांनी ती कसर भरून काढली. १८२६ च्या मार्चमध्ये हेबर दक्षिणेत तंजावरला गेला. तिथं सरफोजीराजे भोसले. व्यंकोजींच्या वंशातले, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाच्या घरातले. लहानपणी श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीत वाढलेले, पण शेवटपर्यंत हिंदूच. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये मराठीत भोसल्यांचा इतिहास कोरून घेणारे हेच. हेबर त्यांना भेटून चकित झाला. पत्रात लिहितो, की हा राजा लाव्हाझिए आणि लिनियस या शास्त्रज्ञांवर सहज बोलतो, शेक्सपिअरबद्दल कवी बायरनपेक्षा नेमकं मत देतो, आणि शेजारचे इंग्रज अधिकारी मात्र त्याला मानतात ते घोड्याची पारख आणि वाघावरचा अचूक नेम यासाठी. शेवटचा चिमटा आपल्याच लोकांना आहे, हे लक्षात आलं का?

चाचांनी विचारलं, "तंजावरला भोसले? आपले?" आपलेच. "आन् मराठी बोलत्यात?" बोलतात, त्यांच्या पद्धतीची. त्यावर शेजारच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारून ही बातमी देण्यात आली.

पहिला खंड अगदी कोरा, दुसरा बरा, आणि तिसरा मळलेला, कोपरे दुमडलेला, समासात पेन्सिलीच्या खुणांनी भरलेला. अण्णा काय वाचायचे ते पुस्तकच सांगत होतं. हेबरची पत्रं या शेवटच्या खंडात आहेत. सर्वांत जाड रेघ आहे ती शेतसाऱ्याच्या पत्राखाली. मार्च १८२६ मध्ये हेबर त्याच मित्राला, विनला लिहितो, की जमिनीच्या एकूण उत्पन्नाचा निम्मा भाग सरकार मागत असेल तर शेती वाढणार कशी. आपण मागतो एवढा सारा कुठलाही देशी राजा मागत नाही. आणि कंपनीच्या मुलखातले शेतकरी देशी राजांच्या रयतेपेक्षा जास्त गरीब आणि खचलेले आहेत. हे कंपनीच्या पगारातल्या बिशपनं बोर्डाच्या अध्यक्षाला लिहिलेलं. पुढं रमेशचंद्र दत्तांसारख्यांनी इंग्रजी राज्याचा आर्थिक हिशेब मांडला तेव्हा हेबरच साक्षीला उभा केला. इंग्रज माणसं हिंदी लोकांना आपल्यात घेत नाहीत, त्यांच्याशी उर्मट दमदाटीनं बोलतात, हेही त्यानं लिहिलंय. तिथं अण्णांनी नुसतं उद्गारचिन्ह काढलंय.

चाचांनी रबर हातात घेऊन विचारलं होतं, "पेन्सिल खोडू का? स्वच्छ दिसंल." नको म्हटल्यावर त्यांनी रबर ठेवून दिलं आणि त्या पानांना ओला हात लावला नाही. विचारणारा कारागीर आजकाल किती भेटतो? तीन तारे मी इथंच दिले होते.

हेबर संत नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. इंग्लंडात असताना, १८१९ मध्ये, सासऱ्यांच्या चर्चसाठी त्यानं वीसेक मिनिटांत एक मिशनरी गीत लिहिलं. त्यात सिलोनचं वर्णन असं, की तिथं निसर्ग सगळा मनोहर, माणूस तेवढा नीच. सिलोन पाहिलं नव्हतं, हिंदुस्थान पाहिला नव्हता. ते गीत जगभर गाजलं. सिलोनला तो प्रत्यक्ष गेला १८२५ मध्ये, आणि शंभर वर्षांनी, जुलै १९२५ मध्ये, गांधीजींनी कलकत्त्यात मिशनऱ्यांपुढे बोलताना त्या ओळी आपल्याला कायम बोचत आल्यात आणि हेबरनं त्या लिहायला नको होत्या, असं तोंडावर सांगितलं. माझंही तेच म्हणणं. गीत लिहिणारा हेबर घरात बसून बोलतोय. रोजनिशीतला हेबर घोड्यावर आहे, त्याला धूळ लागते, माणसं भेटतात, मतं हलतात. पूर्ण बदलत नाहीत. मूर्तिपूजेबद्दल शेवटपर्यंत तो तसाच बोलतो आणि ते वाचताना मला ख्रिस्ती असूनही अवघडायला होतं. पण मला त्या दोघांतला एकच निवडायचा तर रोजनिशीवाला.

शेवट झटकन आला. १ एप्रिल १८२६ ला तो त्रिचनापल्लीला पोचला. ३ एप्रिलला, सोमवारी, सकाळी किल्ल्यातल्या तमिळ ख्रिस्ती मंडळीची उपासना करून मुक्कामी परतला आणि थंड पाण्याच्या हौदात अंघोळीला उतरला. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना म्हणून नोकरानं पाहिलं तर प्रेत. त्रेचाळीस पूर्ण व्हायला अठरा दिवस कमी होते. तिथल्याच सेंट जॉन्स चर्चमध्ये त्याला पुरलं. त्याच्यानंतरचे दोन बिशप मिळून पाच वर्षंही पुरले नाहीत. मग सरकारला कळलं, की एका माणसाच्यानं हे होणारं नाही, आणि १८३५ ला मद्रास, १८३७ ला मुंबई असे वेगळे धर्मप्रांत झाले. मुंबईचा पहिला बिशप थॉमस कार. आमची चर्चची मंडळी मूळची अमेरिकन मिशनची, आम्हाला बिशप वगैरे नव्हतेच. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन आणि आम्ही एका घरात आलो. त्यावर आमच्या घरी बरेच वाद झाले, ते इथं नको.

ही रोजनिशी आज आपल्या हातात आहे ती त्याच्या बायकोमुळे. अमेलियानं नवरा गेल्यावर दोन वर्षांच्या आत ती छापून आणली, १८३० मध्ये त्याचं चरित्रही काढलं, आणि नंतर एका ग्रीक सरदाराशी लग्न केलं. ह्या शेवटच्या गोष्टीवर तेव्हा लंडनात नाकं मुरडली गेली असणारच. मला मात्र ती बाई आवडते.

परत कामाकडे. शिलाई उत्तम. मेण लावलेला दोरा, गाठी आत. फाटलेल्या पानांना पातळ टिश्यू इतका सफाईनं लावलाय, की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. कडा कापल्या नाहीत, त्यामुळे अण्णांच्या खुणा जशाच्या तशा. आतल्या बाजूला अबरी, म्हणजे संगमरवरासारख्या रंगीत लहरींचा, कागद लावलाय, जुन्या नक्षीचा. जुने पुठ्ठे पिशवीत घालून परत दिले. खंड टेबलावर ठेवला की हवा तिथं उघडा राहतो, हात लावावा लागत नाही.

पाठीवरच्या नावाची एक गंमत. चाचांकडचे इंग्रजी ठसे अपुरे, त्यात बी फुटलेला. हेबर लिहिणार कसं? मग देवनागरी ठसे काढले, पितळी, त्यांच्या वडिलांच्या वेळचे. आता जॉन मरे यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरात "हेबर प्रवास १", "२", "३" असं आहे. भाच्यानं फोटो काढून मित्रांना पाठवला, कुणाला वाटलं अनुवाद मिळाला.

आता तारा का कापला. कापडी बांधणी ठरली होती. न्यायला गेले तर चॉकलेटी रेक्झीन! "कापडाचा तागा संपला, पुण्याहून आला न्हाई." बरं, फोन करून विचारायचं ना? फोन आहे, पण तो गल्ल्यात असतो आणि गल्ल्याला कुलूप. रेक्झीनचा वास अजून गेलेला नाही. दुसऱ्या खंडातलं एक चित्र किंचित तिरकं बसलंय, एकदा दिसलं की सारखं दिसतं. आणि वेळ! "बुधवारी या" म्हणजे कुठल्याही महिन्यातला बुधवार. मार्च-एप्रिलमध्ये तर जाऊच नका, प्रोजेक्ट रिपोर्टवाली पोरं दुकान अडवून बसलेली असतात आणि चाचा त्यांना आधी घेतात, "त्यांच्या मार्कांचा सवाल हाय" म्हणून. दोनशे वर्षं थांबलेला बिशप आणखी थांबतो.

पैसे: एका खंडाला साडेआठशे, टिश्यूचं काम वेगळं, तिन्ही मिळून ३,१०० रुपये झाले. घासाघीस मी केली नाही, तुम्हीही करू नका. केली तर चाचा काम नाकारत नाहीत, फक्त ते बुधवारात टाकतात. ऑनलाइन पैसे चालत नाहीत, रोख न्या. पावती मिळत नाही, वहीत नाव लिहून घेतात, तेवढं आपल्यासमोर लिहून घ्या. शुक्रवारी दुपारी बंद. आणि पुस्तक देताना रेक्झीन की कापड हे त्याच वहीत लिहायला लावा.